एका नावाच्या दोन फाइली

हार्केबुलच्या नगरपालिकेत तळमजल्यावर उजवीकडची दुसरी खोली गेशे थामसेनची आणि माझी, म्हणजे मारेनची. एकोणीस वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. तिच्याकडे दफनभूमीचं काम, माझ्याकडे कुत्र्यांचे परवाने. माणूस दारातून आत आला की तो कुणाच्या टेबलाकडे वळणार हे चेहऱ्यावरूनच कळायचं.

गेशे उंच, हाडापेरानं मोठी. वडील बंधाऱ्यावर मेंढ्या राखायचे. सोळाव्या वर्षी ती नगरपालिकेत टायपिस्ट म्हणून लागली आणि तिथंच राहिली. लग्न झालं, सहा वर्षांत मोडलं, मूलबाळ नाही. दफनभूमीचं काम कुणालाच नको असायचं, ते तिनं मागून घेतलं. रडत आलेल्या माणसाशी ती गोडगोड बोलायची नाही. खुर्ची पुढे करायची, पाणी द्यायची आणि विचारायची, "त्यांना सावली आवडायची की ऊन?" माणूस विचारात पडायचा, आठवून उत्तर द्यायचा, आणि तेवढ्यात त्याचा श्वास जागेवर यायचा.

दफनभूमीचे चौदा भाग. आमच्याकडे भागाला 'फेल्ड' म्हणतात. प्रत्येक फेल्डची एक फाइल, त्यात रांग, क्रमांक, नाव आणि मुदत. जागा पंचवीस वर्षांसाठी मिळते. मुदत संपली आणि घरच्यांनी वाढवली नाही, तर दगड उचलतात, माती सारखी करतात आणि वर गवत पेरतात. कुणाची मुदत कधी संपते हे गेशेला फाइल न उघडताही सांगता यायचं.

मग एका जानेवारीत सगळ्या टेबलांवरचं विंडोज गेलं आणि लिनक्स आलं. वरून ठरलेलं होतं, कारणंही बरी होती, मी त्याबद्दल काही म्हणत नाही. संगणक विभागाचा क्वास्ट आम्हाला तीन तास शिकवायला आला. चाळिशीतला, भला माणूस. गाडी तीच आहे, फक्त पुढच्या काचेखालची बटणं बदललीत, असं तो म्हणाला. कॉफीच्या वेळी गेशे मला म्हणाली, "बटणं नाही गं मारेन, यानं ब्रेक आणि क्लचची अदलाबदल केलीय."

मी तिच्याहून बारा वर्षांनी लहान. मला पंधरा दिवसांत जमलं. तिला नाही जमलं. ती मंद होती म्हणून नव्हे. तिचं सगळं ज्ञान बोटांत होतं, आणि बोटं जुन्या जागा सोडायला तयार नव्हती. जुन्या यंत्रावर फाइल उघडायला दोनदा टिचकी मारावी लागायची, नव्यावर एकदाच. गेशेचं बोट दोनदाच पडायचं, फाइल दोनदा उघडायची, आणि दुसऱ्या वेळी यंत्र सांगायचं की ही फाइल सध्या जी. थामसेन वापरत आहेत. "माझी वाट मीच अडवून बसलेय म्हणे," ती म्हणायची. पहिल्या आठवड्यात हसून म्हणायची, नंतर हसू गेलं. माउसचं चाक चुकून दाबलं गेलं की आधी कुठेतरी निवडलेला मजकूर भलत्याच ठिकाणी येऊन पडायचा. एकदा एका विधवेच्या अर्जात, नवऱ्याच्या नावाच्या जागी, 'गवत कापण्याचे यंत्र दुरुस्तीस' असं छापलं गेलं. त्या बाईंनी वाचलं आणि कागद परत दिला. गेशे त्या दिवशी जेवली नाही.

सी ड्राइव्ह गेला, त्याच्या जागी तिरप्या रेघांची लांबलचक वाट आली. प्रिंटर यादीत दोनदा दिसायचा, त्यातला एक वरच्या मजल्यावरचा. मृत्यूचे कागद बांधकाम विभागात छापले जायचे आणि गेशे धापा टाकत जिना चढायची. तिनं एक वही केली. 'खाली डावीकडे निळं चित्र, मग तिसरी ओळ, मग थांब' असं त्यात लिहिलेलं. एक दिवस कुठला तरी बदल आपोआप झाला आणि निळं चित्र उजवीकडे गेलं. वहीतली अकरा पानं वाया गेली. ती वही हातात धरून बसून राहिली. मी म्हटलं, दाखवते. ती म्हणाली, "तू दाखवतेस तेव्हा कळतं. तू बसलीस की जातं."

अठ्ठावन्नाव्या वर्षी, चाळीस वर्षं चोख काम केलेल्या बाईला रोज सकाळी आपण मूर्ख आहोत असं वाटू लागलं. ती अर्धा तास लवकर येऊ लागली, कुणी बघायच्या आत यंत्र सुरू करता यावं म्हणून. मी एकदा लवकर पोचले तेव्हा ती दोन्ही तळहात मांडीखाली दाबून पडद्याकडे बघत बसली होती.

या सगळ्यात एकच गोष्ट तिला बरी वाटायची. खूप वर्षांपूर्वी तिचं एका दिवसाचं काम यंत्रानं गिळलं होतं. तेव्हापासून ती नुसतं 'जतन करा' दाबायची नाही. दर वेळी 'या नावाने जतन करा' घ्यायची आणि नाव स्वतः टाइप करायची. जुनं यंत्र विचारायचं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? ती 'होय' म्हणायची. आता नवं यंत्र ते विचारतच नव्हतं. "निदान एका गोष्टीत तरी माझ्यावर विश्वास ठेवतंय," ती म्हणाली होती.

फेब्रुवारीत आंत्ये लुंड मुदत वाढवायला आल्या. बाजारचौकातल्या बेकरीत त्या काउंटरवर असतात, गावात सगळे ओळखतात. त्यांची मुलगी वेंके पाच वर्षांची असताना गेली, मेंदूज्वरानं, तीन दिवसांत. फेल्ड सात, तिसरी रांग, बारा क्रमांक. तिच्यावरचा दगड विकतचा नव्हता. नवऱ्यानं शेताच्या बांधावरून एक तांबूस धोंडा आणला होता आणि छिन्नीनं स्वतः नाव कोरलं होतं. नवराही चार वर्षांपूर्वी गेला. त्याची राख त्याच्याच इच्छेनं समुद्रात सोडली, म्हणजे त्याची अशी जागा कुठेच नाही. त्याच्या हातचं जे उरलं ते त्या दगडावर होतं. आंत्येबाईंनी पंधरा वर्षांची वाढ घेतली, सही केली. गेशेनं माझ्यादेखत नोंद केली आणि फाइल जतन केली.

एप्रिलमध्ये दफनभूमीचा मुख्य माळी डेटलेफ यानं, दरवर्षीप्रमाणे, मुदत संपलेल्या दगडांवर पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या: कृपया कार्यालयाशी संपर्क साधा. मे महिन्यात आंत्येबाईंचा फोन आला की वेंकेच्या दगडावर चिठ्ठी आहे. गेशेसमोर तेव्हा तीन माणसं उभी होती आणि प्रिंटर रुसलेला. तिनं फाइल उघडली, बघितलं आणि सांगितलं, "माझ्यासमोर स्पष्ट लिहिलंय, तुमची मुदत वाढलेली आहे. चिठ्ठी काढून टाका." फोन ठेवून ती म्हणाली, डेटलेफला विचारायला हवं हे कसं झालं. मग पुढचा माणूस बसला. उन्हाळ्यात आणखी दोघांचे असेच फोन आले. तिनं तेच उत्तर दिलं. मी समोर बसून तिन्ही वेळा ऐकलं. डेटलेफचा धांदरटपणा, असं आम्ही दोघी धरून चाललो.

नोव्हेंबरात, मृतांच्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी, साडेदहाच्या सुमाराला आंत्येबाई आत आल्या. हातात देवदाराच्या फांद्यांची परडी, त्यात लाल फळं खोवलेली. त्या रविवारी सगळेच आपापल्या माणसांच्या जागेवर असं काहीतरी ठेवतात. कोट नीट घातलेला, केस विंचरलेले. त्या गेशेसमोर उभ्या राहिल्या.

"माझी मुलगी कुठं आहे?"

गेशेला वाटलं त्या रांग विसरल्या. "सात, तिसरी रांग, बारा."

"तिथं गवत पेरलंय."

गेशेनं फाइल उघडली. त्या वेळी बोटं नेमकी बरोबर पडली. तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला आणि ओळ दाखवली. वेंके लुंड, मुदत पुढची पंधरा वर्षं. "हे बघा, इथं आहे."

"इथं आहे," आंत्येबाई म्हणाल्या. "तिथं नाही."

त्या आवाज न चढवता बोलल्या. परडी टेबलावर ठेवावी की धरून ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. मी उठून खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, मी घरी जाते, तुम्ही शोधा.

बोलावल्यावर डेटलेफ मातीनं माखलेल्या बुटांनिशी धावत आला, हातात छापील यादी. पाऊसपाणी वाढायच्या आत म्हणून त्यानं दगड उचलायचं भाड्याचं यंत्र आणून फेल्ड सातपासून सुरुवात केली होती, मंगळवारी. यादीत वेंके लुंडची मुदत संपलेली होती. गेशेच्या पडद्यावर वाढलेली होती. "चिठ्ठी नव्हती दगडावर," डेटलेफ म्हणाला, "पण यादीत होतं. मी यादीप्रमाणे जातो, गेशे. तुझ्याच फाइलीवरून निघते ती."

क्वास्टला बोलावलं. त्याला दहा मिनिटं लागली. तो खुर्चीतून वळला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. इथं 'फेल्ड सात' नावाच्या दोन फाइली आहेत, त्यानं सांगितलं. एक जुनी, मोठ्या एफनं लिहिलेली. दुसरी जानेवारीतली, छोट्या एफनं. जुन्या यंत्राला मोठं आणि छोटं अक्षर एकच वाटायचं, म्हणून ते आधीच आहे असं म्हणायचं आणि विचारायचं. या यंत्राला ती दोन वेगळी नावं वाटतात. विचारायचं कारणच नाही, त्यानं गुपचूप दुसरी फाइल केली. गेशे घाईत सगळं छोट्या अक्षरांत टाइप करायची, आयुष्यभर करत आली होती. नंतर 'अलीकडच्या फाइली' या यादीतून ती आपलीच छोटी फाइल उघडत राहिली. आणि माळ्याची यादी मात्र जुन्या, मोठ्या एफच्या फाइलीवरून आपोआप निघत राहिली.

"मग विश्वास नव्हता तो," गेशे म्हणाली. बाकी कुणाला ते कळलं नाही.

तिनं पहिलं काम केलं ते डेटलेफचं यंत्र थांबवण्याचं. बाकीच्या भागांचंही तेच झालं होतं; मग चौदा भागांच्या अठ्ठावीस फाइली छापून तिनं आणि मी जमिनीवर मांडल्या आणि पट्टी धरून ओळ न् ओळ जुळवली. अकरा जागा निघाल्या, अकरा माणसं, ज्यांच्या घरच्यांनी मुदत वाढवली होती आणि ज्यांच्यावर पुढच्या आठवड्यात गवत आलं असतं. एकेक नाव सापडलं की गेशे ते मोठ्यानं वाचायची. अकरावं झाल्यावर ती स्वच्छतागृहात गेली आणि बराच वेळ आली नाही.

विभागप्रमुख पाउलसेन यांनी आंत्येबाईंना पाठवायच्या पत्राचा मसुदा केला. त्यात 'तांत्रिक स्थित्यंतराच्या काळात' असे शब्द होते. त्यांनी गेशेला समजावलं, "थामसेनबाई, ही तुमची चूक नाही. हे कुणालाही कळलं नसतं. सही करा आणि घरी जाऊन विश्रांती घ्या." तिनं सही केली नाही. ते क्रूर नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण तिनं मला विचारलं, माझ्याबरोबर येशील का. आम्ही दुपारी आंत्येबाईंच्या दाराशी गेलो.

त्यांनी दार उघडलं, आत बोलावलं नाही. गेशेनं उंबऱ्यावर उभं राहून सगळं सांगितलं. दोन फाइली, मोठा एफ, छोटा एफ. सांगताना तिलाच ते किती क्षुल्लक वाटत होतं हे मला दिसत होतं.

"म्हणजे एका अक्षरापायी," आंत्येबाई म्हणाल्या.

"नाही," गेशे म्हणाली. "मे महिन्यात तुम्ही फोन केलात. तेव्हा मी डेटलेफला एक फोन केला असता तर पुरलं असतं. तो मी केला नाही. चिठ्ठी काढायला मीच सांगितलं तुम्हाला."

आंत्येबाईंनी दाराची कड धरली. "तुम्हाला माझ्याकडून आता काय हवंय?"

"काही नाही."

"मग जा."

दार हळू लागलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, गेशे परत येताना म्हणाली.

दगड शोधायचा राहिला होता. काढलेले दगड शेजारच्या गावी एका ठेकेदाराच्या आवारात जायचे आणि तिथं भरडून रस्त्याखाली घालायची खडी व्हायची. गेशेनं रजा घेतली आणि शनिवारपासून तिथं गेली. डेटलेफ पाठ दुखत असतानाही तिच्याबरोबर गेला, सोमवारी मीही गेले. ठेकेदारानं सांगितलं होतं की फेल्ड सातचा माल गुरुवारीच भरडला. तरी न भरडलेला ढीग होता, घराएवढा. आम्ही हातमोजे घालून दगड उलटे करत होतो. काळे, गुळगुळीत, सोनेरी अक्षरांचे, कुणाकुणाचे. तांबूस धोंडा एकही नाही. तिसऱ्या दिवशी गेशेला खडीच्या ढिगात मुठीएवढा एक तांबूस तुकडा मिळाला. त्यावर एक तिरकी रेघ होती. ती छिन्नीची असेल, यंत्राच्या दातांची असेल. गेशेनं तो थुंकी लावून पुसला, उजेडात धरला. "ही वेंकेच्या डब्ल्यूतली पहिली रेघ असू शकते," ती म्हणाली. "बघ ना, असू शकते."

डेटलेफनं तो हातात घेऊन उलटसुलट फिरवून पाहिला. "असू शकते," तो म्हणाला. "नसूही शकते. आणि त्या बाईला तू हे नेऊन दिलंस, तर ती जन्मभर हेच बघत बसेल. करू नकोस, गेशे."

तिनं तुकडा परत ढिगावर ठेवला. मी तिला आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती उभ्या उभ्या रडली, मोजे घातलेले हात अंगापासून दूर धरून.

डिसेंबरात आंत्येबाई डेटलेफकडे गेल्या, कार्यालयात नाही. मुलगी नेमकी कुठं आहे एवढंच त्यांना हवं होतं. त्यानं जुना नकाशा काढला, वाटेपासून फीत धरून मोजलं आणि चार खुंट्या ठोकल्या. इकडेतिकडे वीतभर फरक असेल, हे त्यानं त्यांना सांगितलं. तो म्हणतो, सांगायला नको होतं. नगरपालिकेनं नवा दगड देऊ केला, तो त्यांनी नाकारला. खुंट्यांच्या आत त्यांनी जांभळ्या फुलांची झुडपं लावलीत. नाव नाही.

गेशेवर कारवाई झाली नाही. ती व्हावी असं तिलाच वाटत होतं. ती मार्चपर्यंत कामावर आली, प्रत्येक नोंद दोनदा कागदावर लिहायची, मग यंत्रात, मग छापून कागदाशी ताडून बघायची. काउंटरवर रांग दारापर्यंत जायची. लोक कुरकुरायचे, ती मान वर करायची नाही. आता सावली की ऊन असं कुणाला विचारायची नाही. एका सोमवारी तिनं पाउलसेनना राजीनामा दिला. लवकर निवृत्तीनं पेन्शन कमी बसतं हे त्यांनी समजावलं. ती म्हणाली, ठीक आहे.

दफनभूमीचं काम आता माझ्याकडे आहे. मला यंत्र नीट येतं. कधी कधी पिवळ्या चिठ्ठीबद्दल फोन येतो, तेव्हा मी समोरच्या माणसाला थांबवून आधी डेटलेफला फोन लावते. हे मला तेव्हाही करता आलं असतं. मी तिच्यापासून दोन हातांवर बसले होते आणि तिन्ही फोन ऐकले होते. हे मी पाउलसेनना सांगितलं नाही, आंत्येबाईंनाही नाही. गेशेला सांगितलं. ती म्हणाली, "मारेन, तुझ्याकडे कुत्र्यांचे परवाने होते."

ती आता ब्रेड घ्यायला बसनं पुढच्या गावी जाते. चौकातल्या बेकरीत तिचं पाऊल पडत नाही. मी जाते. परवा आंत्येबाईंनी माझा पाव किलोचा काळसर राय ब्रेड कागदात गुंडाळला आणि मान खाली ठेवूनच विचारलं, "ती कशी आहे?"

मी म्हटलं, बरी नाही.

त्यांनी कागदाची घडी घातली, पिशवी माझ्याकडे सरकवली आणि माझ्यामागच्या गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारलं.

रविवारी गेशेकडे गेले तेव्हा मी हे तिला सांगितलं. ती खिडकीशी बसली होती. तिनं विचारलं, कशा आवाजात विचारलं त्यांनी? मी आठवायचा खूप प्रयत्न केला. रागानं की कसं, मला सांगता आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं, की मला सांगता येत नाही.